तारीख नाकारली, तरी अपील आहे



युनियनच्या कामासाठी गेल्या महिन्यात तंजावूरला गेलो होतो. राजवाड्याच्या आवारात, सरस्वती महाल ग्रंथालयाबाहेर, एक रेल्वे कामगार शोधत आला. घरात अजून तिथली जुन्या वळणाची मराठी बोलणारा. खिशात कोर्टाच्या निकालाची नक्कल होती आणि निकालाला 22 दिवस होऊन गेले होते.

हकीगत साधी. ड्यूटी संपल्यावर परगावी स्कूटरवरून जाताना पोलिसांनी यंत्रात फुंकायला लावले आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली खटला भरला. तारखेच्या दिवशी वकील इस्पितळात. याने तोंडी मुदत मागितली, ती नाकारली गेली. साक्षीला आलेल्या पोलिसाची उलटतपासणी करायला कोणीच नव्हते. दोषी ठरवून दहा हजार दंड. "दंड भरून टाकला, सुटलो," असे तो म्हणाला.

सुटला नव्हता. आपले पुष्कळ लोक इथेच फसतात. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या नोकराची खात्याला पूर्ण चौकशी करावी लागत नाही. घटनेच्या कलम 311 मध्येच तसा अपवाद आहे. रेल्वेत 1968 च्या शिस्त व अपील नियमांतला नियम 14, टपाल खात्यात 1965 च्या नियमांतला नियम 19. एक नोटीस येते, शिक्षेबाबत म्हणणे मागवतात, की झाले. शिवाय तामिळनाडूतल्याच एका सरकारी नोकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले आहे की, अपील चालू आहे आणि शिक्षा स्थगित आहे एवढ्याने खात्याची कारवाई अडत नाही. म्हणून वकिलाला स्पष्ट सांगा, शिक्षेबरोबर दोषसिद्धीलाही स्थगिती मागायची. ती क्वचितच मिळते, तरी मागायची.

दारूची वकिली युनियन करत नाही. ड्यूटीवर पिऊन प्रवाशांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम 172 प्रमाणे वर्षापर्यंत कैद आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण बाजू न मांडता कोणी दोषी ठरू नये.

मुदत नाकारली एवढ्यावर अपील जिंकता येत नाही, हेही ऐका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 346 प्रमाणे वकील दुसऱ्या कोर्टात गुंतला आहे ही सबब चालत नाही. कारण पक्षकाराच्या हाताबाहेरचे असेल तरच मुदत, तीही दोनदाच. वकिलाचे आजारपण हाताबाहेरचे खरे, पण तोंडी मागणी अपिलात दाखवणार कशी? लेखी अर्ज, डॉक्टरचा दाखला आणि त्यावर कोर्टाचा हुकूम हवा. मग नुकसान काय झाले ते मांडायचे. रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडली असे यंत्र म्हणाले; ते यंत्र शेवटचे कधी तपासले होते, हे विचारताच आले नाही. 1971 मध्ये महाराष्ट्रातल्या एका मोटारचालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसता वास, अडखळती चाल आणि बोलणे हा नशेचा निर्णायक पुरावा मानला नाही. पण हे कोर्टापुढे मांडायला कोणी उभा तरी हवा. पटले तर सत्र न्यायालय निकाल रद्द करून फेरखटल्याचा हुकूम देऊ शकते.

अपिलाची मुदत 30 दिवस. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. दंड भरला म्हणून हक्क जात नाही. मात्र "गुन्हा कबूल" म्हटले असेल तर फक्त शिक्षेविरुद्धच भांडता येते. लवकर सुटका व्हावी म्हणून कबुली देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कामगारांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

थोडे विषयांतर करतो. याच राजवाड्याच्या मालमत्तेसाठी राणी कामाक्षीबाई ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध मद्रासच्या कोर्टात जिंकल्या होत्या. 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, ही राज्यसत्तेची कृती आहे, कोर्टाला त्यात अधिकार नाही, असे म्हणून तो निकाल फिरवला. राणीला कोर्टाने दारातूनच परत पाठवले. आपल्या कामगाराला अपिलाचे दार कायद्याने उघडे आहे, आणि तो दंडाची पावती घेऊन घरी बसला होता.

त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या वकिलाच्या घरी गेलो. 28 व्या दिवशी अपील दाखल झाले. वकील आता बरे होऊन कामावर आले आहेत आणि पहिली तारीख पडली आहे.