ताणा सुताचा, तोरा रेशमाचा

मराठवाड्याच्या वस्त्रकलेचा विषय निघाला की पैठणीचे आणि औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) हिमरूचे पोवाडे सुरू होतात. हिमरूत ताणा सुती, वर चमकते ते रेशीम. कौतुक रेशमाचे, ताण सोसायचा सुताने!

सेलूच्या जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि परमुलखात जातात. सूत, कापड, रंग, शिलाई. पुढची बहुतेक कमाई दुसऱ्यांची. तेही एक वेळ चालेल, पण कापसाच्या भावाचे काय? १९७२ साली एकाधिकार खरेदी आली आणि आपलाच कापूस राज्याबाहेर नेऊन विकणारा शेतकरी चोर ठरला. ती योजना गेली, सरकारची खोड गेली नाही. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापसाची निर्यातच बंद केली. कारण काय, तर देशातल्या गिरण्यांना कापूस कमी पडू नये! पैठणी महागली म्हणून तिची निर्यात रोखल्याचे कुणी ऐकले आहे का?

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, गिरण्या आम्हालाही हव्यातच. त्यांनी बाजारभावाने कापूस घ्यावा. जिल्हा बैठकीत सेलूकरांनी ठराव मांडावा: कापसावर पुन्हा निर्यातबंदी नको.