परदेशाची वाट कारखान्यावरून जाते

दिवाळी सरली की रेणापूरच्या परिसरात रात्रीच्या हवेला मळीचा वास येऊ लागतो. गव्हाणीत मोळी पडलेली असते, बॉयलर पेटलेला असतो आणि पुढचे काही महिने उसाच्या ट्रॅक्टरमागे ताटकळत राहण्याची सवय सगळ्यांनाच झालेली असते. बाहेरगावी राहणाऱ्यांना या वासाने गाव आठवते म्हणतात. मला एक मुलाखत आठवते.

१९८८ साल असेल. मुंबईत केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मी एका परदेशी कंपनीच्या कार्यालयात, उसना टाय बांधून बसलो होतो. समोरच्या गृहस्थांनी गाव विचारले. लातूर जिल्हा म्हटल्यावर त्यांना काही बोध होईना, म्हणून मीच मोठ्या अभिमानाने सांगितले की आमच्याकडे साखर कारखाना आहे. त्यांचा चेहरा उजळला. "छान! मग एक टन उसाला वाफ किती लागते?" मला सांगता आले नाही. "बरे, उसात पाणी किती असते?" तेही सांगता आले नाही. त्या कारखान्यात मी दोनदा गेलो होतो, एकदा मोळीपूजनाला आणि एकदा सवलतीची साखर आणायला. ऊर्ध्वपातनाची समीकरणे मला पाठ होती, पदवीला पहिला वर्ग होता आणि ती नोकरी मिळाली नाही.

पुढे मिळाल्या. चार वर्षे देशातल्याच एका कारखान्यात पाळ्या केल्या, मग आखात, काही काळ इंग्लंड, पुन्हा आखात. आता निवृत्त होऊन लातुरात राहतो आणि गावाकडे येऊन-जाऊन असतो. परदेशात राहून आलेल्या माणसाकडे आपल्याकडे काहीतरी किल्ली असते असा समज आहे. गेल्या हंगामात एक शेतकरी गृहस्थ बारावी झालेल्या मुलाला घेऊन आले.

"आप्पा, लेकराला तुमच्यासारखं फॉरेनला धाडायचंय. किती लागतेत?"

"पैसे नंतर बघू," मी म्हटले, "आधी त्याला कारखान्यात धाडा."

"कारखान्यात? ऊस तोडायला का?"

त्या गृहस्थांचे चुकले असे मी म्हणणार नाही. कारखाना म्हणजे उसाचा भाव, सभासदांची यादी आणि निवडणूक. तो एक शिकण्याची जागा आहे हे त्यांना कुणी सांगितलेच नाही, तसे मलाही कुणी सांगितले नव्हते. पण तीस वर्षे या धंद्यात काढल्यावर माझे मत पक्के झाले आहे. प्रोसेस इंजिनिअरची परदेशातली कारकीर्द व्हिसाच्या रांगेत सुरू होत नाही, ती चालू कारखान्यात सुरू होते. आणि असा कारखाना आमच्या उंबऱ्यावर उभा आहे. रेणापूर तालुक्यात निवाड्याला रेणा कारखाना आहे, पानगावला साखर कारखाना आहे, लातूरकडे निघालात तर मांजरा आहे, खुद्द लातुरात डाळ मिल आणि सोयाबीनचे तेल काढणारे सॉल्व्हंट प्लांट आहेत. इतके शिक्षण उघड्यावर पडलेले तालुके फार नसतील.

प्रोसेस इंजिनिअर नेमके काय करतो, हे मी त्या मुलाला चुलीवरून सांगितले. आमच्या आईच्या मातीच्या चुलीला वैल होता. जाळ पुढच्या तोंडाला, तिथे भाकरी. तोच जाळ आतून मागे जाई आणि वैलावरचे कालवण फुकटात शिजे. साखर कारखान्यात रस आटवायची भांडी नेमकी हेच करतात. पहिल्या भांड्यात बॉयलरकडून आलेली वाफ रसातले पाणी उडवते. त्या उडालेल्या पाण्याची जी वाफ होते ती दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवायचा म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो. अशा चार भांड्यांत एक किलो वाफेवर जवळजवळ चार किलो पाणी उडवता येते.

ही युक्ती नॉर्बर्ट रिल्यू नावाच्या माणसाची. जन्म न्यू ऑर्लिन्सचा, १८०६ चा. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय. त्या काळी तिथल्या मळ्यांवर गुलाम माणसे उघड्या काहिलींमधला उकळता रस पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतत. भाजणाऱ्यांची गणती नव्हती, आणि जळण अफाट लागे. रिल्यू पॅरिसला जाऊन वाफेचे शास्त्र शिकला, परत आला आणि १८४३ मध्ये त्याने बंद भांड्यांच्या या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे काळ्या माणसांवरची बंधने वाढत गेली तसा तो अमेरिका सोडून फ्रान्सला निघून गेला. पण त्याची भांडी जगभर गेली. दुधाची पावडर, कागद, मीठ, सगळीकडे तीच. सौदी अरेबियात जुबैलला समुद्राचे पाणी गोडे करणारा जो अवाढव्य प्रकल्प आहे, दिवसाला आठ लाख घनमीटर पाणी देणारा, त्याचे तत्त्वही हेच. (आता तिकडेही रिव्हर्स ऑस्मोसिसचे पडदे या पद्धतीला मागे सारत आहेत, तो भाग वेगळा.) मी आखातात पहिल्यांदा असा प्रकल्प पाहिला तेव्हा साहेब लोक मला तो समजावून सांगत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे आईची चूल होती. गावाजवळच्या कारखान्यात हीच भांडी उभी होती, फक्त मी ती पाहिली नव्हती.

आता थोडे कडू बोलतो. लातूर पॅटर्नने या भागाचे भले केले, यात शंका नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी शेतकऱ्यांच्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले, तेही अशा जिल्ह्यात की जो १९८२ पर्यंत जिल्हाच नव्हता. पण या पॅटर्नचा पाया असा की प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर असते आणि ते पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेले असते. चालू कारखान्यात मागचे पान नसते. पंपाचा आवाज बदलला, दाबाचा काटा थरथरू लागला, तर तो काटा खोटा बोलतो की पंप मरतो आहे हे ठरवायला रात्री तीन वाजता चार पर्याय कुणी देत नाही.

डॉ. रघुनाथ माशेलकरांचे उदाहरण सगळेच देतात: गिरगावातले दारिद्र्य, म्युनिसिपालिटीची शाळा, मग माटुंग्याच्या यूडीसीटीतून १९६९ मध्ये पीएच.डी., इंग्लंडमध्ये सॅलफर्डला अध्यापन, १९७६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परत. भिंगाने कागद जाळून दाखवणारे त्यांचे भावे सरही आता सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याच भावे सरांनी मुलांना साबण कसा तयार होतो ते पाहायला कारखान्यात नेले होते, ही आठवण माशेलकरांनी सांगितली आहे आणि ती फारशी कुणी उचलत नाही. मला भिंगापेक्षा ती सहल मोलाची वाटते.

परदेशात आमच्या मुलांना विचारतात ते हेच: तुम्ही काय चालवले आहे? काय सुरू केले आहे? काय बिघडले होते आणि तुम्ही काय केलेत? हा प्रश्न उगाच आलेला नाही. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन २८ माणसे गेली. सहांपैकी पाचवी भट्टी तडकली म्हणून ती काढून मधे तात्पुरता पाइप जोडला होता. त्या पाइपचे रेखाटन म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेली आकृती. तिचा हिशेब करील असा जाणता इंजिनिअर त्या वेळी तिथे नव्हता, जागा रिकामी होती. दहा वर्षांनी आपल्याकडे भोपाळ झाले. तेव्हापासून आराखड्यातल्या प्रत्येक नळीसमोर बसून 'इथला प्रवाह थांबला तर काय, उलटा फिरला तर काय' असे दिवसचे दिवस विचारत बसण्याची पद्धत रुजली आहे. तिला हॅझॉप म्हणतात. अशा बैठकीत मी पदवीधरांना गप्प बसलेले पाहिले आहे आणि पाळ्या केलेल्या साध्या ऑपरेटरला सगळ्यांची तोंडे बंद करताना पाहिले आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, कारण पालकांना तेच हवे असते. २०१४ पासून भारत वॉशिंग्टन करारात आहे; पण त्याचा लाभ एनबीएची टिअर-१ मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांच्या पदवीलाच मिळतो, तेव्हा प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाला हे स्पष्ट विचारावे. ब्रिटनमध्ये चार्टर्ड, अमेरिकेत पी.ई., कॅनडात पी.इंजि. अशी नावे आहेत, आणि ती परीक्षेइतकीच अनुभवाच्या नोंदींवर मिळतात. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच नमस्कार करावा. आणि ही नोकरी म्हणजे कंत्राट असते, हे विसरू नये. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा भाव शून्याखाली गेला, त्या वर्षी माझ्या ओळखीचे किती तरी जण बॅगा भरून परतले. परदेशी प्रकल्पांची बरीच कामे आता मुंबई-पुण्याच्या डिझाइन ऑफिसांतच होतात, म्हणजे विमानात न बसताही ही कारकीर्द आंतरराष्ट्रीय असू शकते, हेही आईबापांनी ऐकून ठेवावे.

त्यांनी आणखी एक हिशेब ऐकावा. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या दिवशी मी आखातात, समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या एका प्रकल्पावर होतो. बहीण फोनवर सांगत होती की नळाला पाणी कधी आले होते ते आता आठवतही नाही. दुसऱ्यांच्या वाळवंटात मी पाण्याचे पाट काढत होतो आणि माझ्या घरी घागर रिकामी होती.

आता मुलाखतीतला दुसरा प्रश्न. उसात शंभराला सुमारे सत्तर भाग पाणी असते. म्हणजे रोज अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात उसाबरोबर रोज साडेसतरा लाख लिटर पाणी आत येते, त्या पहिल्या रेल्वेच्या साडेतीन पट. काही बगॅसबरोबर जाते, थोडे मळीबरोबर; उरलेले बहुतेक रस आटताना वाफ होऊन निघते आणि ती वाफ थंड केली की पाणी हाती येते. हिशेब नीट बसवला तर हंगामात कारखान्याला बाहेरून फार थोडे पाणी लागते. ऊस शेतात किती पाणी पितो हा वाद मोठा आहे आणि तो व्हायलाच हवा. पण कारखान्याच्या आतला हा हिशेब तरी आपल्या मुलांनी मांडावा की नाही? प्रमोद चौधरींनी १९८० च्या दशकात पुण्यात सुरू केलेली प्राज कंपनी याच उसाच्या मळीपासून अल्कोहोल करण्याची यंत्रणा उभारत उभारत परदेशात पोचली. माटुंग्याच्या त्याच संस्थेचे, आताच्या आयसीटीचे, मराठवाड्यासाठीचे केंद्र २०१८ पासून जालन्यात आहे. नांदेडला विष्णुपुरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे. शिकायला जागा नाहीत, हे कारण आता उरलेले नाही. कारखान्याचे फाटक बंद आहे, हे कारण मात्र खरे आहे. एका कारखान्याला मी विचारले होते की हंगामात दहा मुलांना आठवडाभर पाळीत उभे राहू द्या. उत्तर आले की विम्याची अडचण आहे. मोळीपूजनाला हजार माणसे आत येतात तेव्हा विम्याचे काय होते, ते मी विचारले नाही.

शेवटी दुसऱ्या एका कारखान्यात, ओळखीच्या चीफ केमिस्टच्या सौजन्याने, त्या शेतकऱ्याच्या मुलाला तीन रात्री उभे राहता आले. मी त्याला एक बादली आणि माझे जुने घड्याळ दिले होते, आणि सांगितले होते की जिथे कुठे गरम पाणी वाहून जाताना दिसेल तिथे बादली किती सेकंदांत भरते ते लिहून आण. चौथ्या दिवशी सकाळी तो वही घेऊन आला. डोळे लाल, अंगाला मळीचा वास. वहीत सात नोंदी होत्या. फॉरेनचे त्याने काहीच काढले नाही.

"आप्पा," तो म्हणाला, "इतकं पाणी हे लोक नालीत कामून सोडतेत?"