हलाल आहे, पण तय्यिब आहे का?

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लोमा लिंडा नावाचे गाव आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक तिथे मोठ्या संख्येने राहतात. (आपल्याकडे पुण्यात औंधचे स्पायसर कॉलेज याच पंथाचे.) दारू नाही, तंबाखू नाही, डुकराचे मांस नाही. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत कामधंदा बंद. तो वेळ इबादतीचा आणि घरच्यांचा. शरीर ही देवाची वस्तू आहे, असे ते मानतात. आपण अमानत म्हणतो, तसेच काहीसे.

तिथल्या विद्यापीठाने १९७४ पासून राज्यातील या पंथाच्या सुमारे ३४ हजार लोकांच्या खाण्यापिण्याचा आणि आरोग्याचा अभ्यास केला. २००१ साली निष्कर्ष छापून आले. राज्यातील इतर गोऱ्या लोकांच्या तुलनेत या पंथाच्या पुरुषांचे सरासरी आयुष्य सात वर्षांनी आणि स्त्रियांचे चार वर्षांनी जास्त निघाले.

दारू आणि डुक्कर तर आपणही टाळतो, मग आपल्यालाही हा फायदा असणारच, असे कुणाला वाटेल. आम्हाला मात्र त्या अभ्यासातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. पंथ एक, मनाई एक, तरीही त्यांच्या आपापसातच सुमारे दहा वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, असे दिसले. तो कशाने? भाजीपाला किती, व्यायाम किती, वजन किती, पूर्वी कधी तंबाखू ओढली होती का, यांनी.

सूरह बकराच्या १६८व्या आयतीत हलालच्या जोडीला तय्यिब हा शब्द आहे. आपण पहिला शब्द घट्ट धरला. मुलाच्या तोंडाला दारूचा वास आला तर अख्खे खानदान गोळा होते. पण दादीची मशेरी? चाचांच्या खिशातली तंबाखूची डबी? त्यावर घरात कुणी ब्र काढत नाही. रोजा सोडताना तेलात बुडालेल्या भज्यांचे ताट हलालच असते. मशीद चारशे पावलांवर, तरी जुम्याला दाराशी मोटारसायकलींची रांग!

मौत तर मुकर्रर आहे, मग हे कशाला, असे बुजुर्ग म्हणतात. मुकर्रर आहेच, त्यात शंका नाही. पण साठीत सजद्याला कपाळ जमिनीवर टेकणार की खुर्चीवर बसून नमाज पढावी लागणार, हाही प्रश्न आहे. मशिदीत मागच्या सफेतल्या खुर्च्या वाढत चालल्या आहेत, आणि त्यांवर पन्नाशीचे लोकही दिसतात.

खर्चाची सबब मात्र आम्हाला पटत नाही. त्या लोकांत आठवड्यातून चार-पाच वेळा सुकामेवा खाणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका बराच कमी आल्याचे दिसले. आपल्याकडे बदाम-पिस्ते शीरखुर्म्यापुरते. पण त्यांच्या सुक्यामेव्यात शेंगदाण्याचाही मोठा वाटा होता. मूठभर भाजलेले शेंगदाणे, बिनमिठाचे, कोणत्याही घराला परवडतात.