मुलग्यांचे आजारपण, मुलींचे निकष

रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ साली क्षयरोगावर एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. ताप नाही, खोकला नाही, तरीही देह झिजत चालला आहे, अशा दोन रुग्णांची हकीकत त्यात आढळते. एक मुलगी अठराव्या वर्षातली. सदैव पुस्तकांत डोके घालून बसणारी आणि पुढे औषधांनाही कंटाळलेली. ती दगावली. दुसरा रुग्ण सोळा वर्षांचा मुलगा, एका धर्मोपदेशकाचा चिरंजीव. अभ्यास बाजूला ठेवून खेड्यातल्या मोकळ्या हवेत राहावे, घोड्यावरून रपेट करावी आणि दूध घ्यावे, असा सल्ला मॉर्टनने त्याला दिला व त्याची प्रकृती पुष्कळशी सुधारली. मनाच्या व्यथेतून अन्न तुटण्याच्या ज्या विकाराला आज ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणतात, त्याचे इंग्लंडच्या वैद्यकातील आद्य वर्णन म्हणून या हकिकतींचा उल्लेख नेहमी केला जातो. म्हणजे या रोगाच्या इतिहासात मुलगा आरंभापासून हजर आहे. पुढे तो दिसेनासा का झाला, याचे उत्तर शोधू गेल्यास वैद्यकशास्त्राची नजरही समाजाच्या नजरेहून फार निराळी नसते, असेच आढळून येते.

विकाराला हे नाव दिले सर विल्यम गल यांनी, १८७३–७४ च्या सुमारास. त्याच वर्षी, १८७३ मध्ये, पॅरिसच्या लासेग यांनीही हाच विकार वर्णिला आणि त्याला हिस्टेरियाच्या पंक्तीला बसविले. ‘हिस्टेरिया’ या शब्दाचे मूळ गर्भाशयवाचक ग्रीक शब्दात आहे आणि तो स्त्रियांचाच आजार अशी तेव्हा समजूत होती. गल यांनी तो शब्द जाणूनबुजून टाळला. कारण हा रोग पुरुषांतही होतो, असे त्यांनी स्पष्ट नमूद केले आहे. नाव गल यांचे टिकले, सावधगिरी मात्र टिकली नाही. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील मनोविश्लेषकांनी, गर्भधारणेच्या सुप्त भयापोटी मुली अन्न नाकारतात, अशी उपपत्ती मांडली. अशा उपपत्तीत मुलग्याला जागा मिळणार तरी कोठून? त्यानंतर १९८७ मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत सलग तीन वेळा मासिक पाळी चुकणे हा एक निकष म्हणून दाखल झाला. ही अट मुलींपुरतीच होती हे खरे. परंतु मुलग्यांच्या बाबतीत तिच्या जागी काय पाहावे, याविषयी पुस्तिका मूक होती. वस्तुतः उपासमारीत मुलग्यांच्या शरीरातील पुरुषसंप्रेरकही घटते. तो निकष २०१३ च्या आवृत्तीत वगळण्यात आला.

या विकाराचे प्रमाण दहा मुलींमागे एक मुलगा असे असल्याचे पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली. हे आकडे मुख्यतः रुग्णालयांच्या नोंदींवरून आलेले. आणि रुग्णालयात तोच पोहोचतो, ज्याच्या आजाराची कोणाला तरी शंका येते. अमेरिकेतील तेरा ते अठरा वर्षे वयाच्या १०,१२३ मुलामुलींच्या घरोघरच्या पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अ‍ॅनोरेक्सियाचे प्रमाण मुलांत आणि मुलींत सारखेच, ०.३ टक्के, निघाले. अधाशासारखे खाऊन मग ओकून टाकण्याचा जो विकार, म्हणजे बुलिमिया, तो मात्र मुलींत १.३ टक्के आणि मुलग्यांत ०.५ टक्के आढळला. एका पाहणीवरून मुलगे व मुली यांत काही भेदच नाही असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. अन्य पाहण्यांत मुलींचे पारडे जड आहे आणि ते तसे असण्याची सामाजिक कारणेही उघड आहेत. परंतु दहास एक हे गुणोत्तर रोगाचे किती आणि शंका न येण्याचे किती, हा प्रश्न आता टाळता येत नाही.

शंका न येण्याचे एक कारण असे की, मुलग्याच्या मनातील आदर्श देह निराळा असतो. मुलीला बारीक व्हायचे असते; मुलग्याला पुष्कळदा चरबी घालवून स्नायू कमवायचे असतात. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये मुलग्यांच्या खेळण्यातील ‘जी. आय. जो’ या बाहुल्याची मापे घेतली. १९६४ चा बाहुला पाच फूट दहा इंच उंचीचा माणूस मानला, तर त्याच्या दंडाचा घेर १२.२ इंच भरत होता. नव्वदीच्या दशकाअखेरच्या एका बाहुल्याचा तो २६.८ इंच झाला. बार्बी बाहुलीच्या कमरेविषयी तोवर बरेच लिहून झाले होते. या दंडाकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नव्हते. १९९३ मध्ये याच संशोधकांनी असे व्यायामपटू वर्णिले होते की, जे धिप्पाड असूनही स्वतःला किडकिडीत समजत. विकाराच्या चाचणीसाठी १९८३ पासून वापरात असलेली एक प्रसिद्ध प्रश्नावली पोट, मांड्या व नितंब फार मोठे वाटतात का, असे विचारते. आपली छाती अरुंद आहे या चिंतेने पोखरलेला मुलगा या प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर देईल आणि निरोगी ठरेल!

उपासमार मात्र असा भेद करीत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, सर्व पुरुष आणि सर्व स्वेच्छेने आलेले, सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ते ताटल्या चाटू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, एकलकोंडे आणि चिडचिडे बनले. अन्नाचा अष्टौप्रहर ध्यास आणि घास चिवडत तासन्‌तास जेवणे ही ‘मुलींची लक्षणे’ म्हणून पुढे प्रसिद्धीस आली. ती या धट्ट्याकट्ट्या तरुणांत केवळ भुकेने उत्पन्न झाली होती.

मुलींचे दुःख यामुळे हलके ठरत नाही. फिजी बेटांवरील एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ओकारी काढणारी एकही शाळकरी मुलगी तेव्हाच्या पाहणीत आढळली नव्हती. १९९८ मध्ये ते प्रमाण ११.३ टक्के झाले. अ‍ॅन बेकर यांची ही पाहणी जगभर गाजली आणि ते योग्यच होते. तीत प्रश्न मात्र मुलींनाच विचारले गेले होते.

भारतात हा विकार वेगळ्या वेषात वावरतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतात भारतीय डॉक्टरांनी पाच तरुणींची हकीकत दिली: अन्न नाकारणे, सततच्या ओकाऱ्या, वजनात मोठी घट. तरीही आपण लठ्ठ आहोत, ही पाश्चात्त्य रुग्णांतील ठळक तक्रार त्यांच्यापैकी कोणाचीही नव्हती. आपल्याकडील मुलगी ‘पोटात जात नाही’ म्हणते, आणि घरात उपवासाला मान व कमी खाण्याला शहाणपण मानले जात असेल, तर तेवढ्यावर विषय संपतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९–२१ मध्ये १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली व ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आढळले. हा रक्तक्षय मुख्यतः सकस अन्न न मिळण्याचा व अन्य शारीरिक कारणांचा. त्याला मनोविकार म्हणणे चूक होईल. परंतु अशक्त मुलगी इतकी नित्याची झाली असता, अन्न हेतुपुरस्सर टाकणारी त्यांतून निवडायची कशी?

मुलग्याचे तर कौतुकच होते. पोळी-भात सोडून उकडलेली अंडी आणि डब्यातली भुकटी यांवर राहणारा, रोज दोन वेळा व्यायामशाळेत जाणारा मुलगा पालकांना निर्व्यसनी व शिस्तीचा वाटतो. तो बहुधा तसा असतोही. व्यायामशाळा चुकली म्हणून ज्याला झोप लागत नाही, घरच्या लग्नात ज्याला पंक्तीला बसवत नाही, त्याची गोष्ट वेगळी. कुस्तीचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राला वजनगटासाठी अन्नपाणी तोडणारा मल्लही अपरिचित नाही. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महिन्याभरातच तीन महाविद्यालयीन मल्ल वजन घटविण्याच्या खटाटोपात मृत्यू पावले, तेव्हा तेथे नियम बदलण्यात आले.

मानसिक आजारांत सर्वाधिक मृत्यू ओढवणाऱ्या आजारांमध्ये अ‍ॅनोरेक्सियाची गणना होते, आणि उपचार जितके लवकर तितका गुण अधिक. आपल्याकडील गावोगावी मानसोपचारतज्ज्ञ नाहीत. वर्गशिक्षक मात्र आहेत. अनेक शाळांत उंची व वजन दरवर्षी नोंदले जाते, आणि ती नोंद बहुधा तशीच कपाटात पडून राहते. वाढीच्या वयात उंची वाढत असता वजन घटणे, किंवा नुसते थांबणेही, स्वाभाविक नसते. हे ताडून पाहायला मागील वर्षीची वही बाहेर काढावी लागेल आणि तीत मुलींबरोबर मुलग्यांची पानेही उलटावी लागतील.