पब आपोआप आले नाहीत

लोअर परळच्या कमला मिल्सवरचे लेख बहुधा एकाच चालीवर जातात: इथे भोंगा वाजायचा, आता डीजे वाजतो, कालाय तस्मै नमः. या हळहळीचा मला राग येतो. तिच्यात गिरणी ‘बंद पडते’, जमीन ‘मोकळी होते’, पब ‘येतात’. करणारा कुणीच नसतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे कोडची एक ओळ बदलली, तरी कोणी, कधी, कशासाठी बदलली याची नोंद राहते. शहराचीही नोंद असते. ती वाचायला हवी.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ने वाटणी ठरवली: गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१मध्ये सरकारने नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची; बांधकामाखालची वगळली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल वैध ठरवला. कामगारांच्या घरांचा वाटा असा आटला.

कमला मिल्समध्ये २८ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबला आग लागली, १४ माणसं गेली. चर्चा झाली ती हुक्क्याची, छपराची, परवान्यांची. ती हवीच होती. पण गिरण्यांची जमीन कुणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न तेव्हाही मागेच राहिला.

पब नकोत, असं मी म्हणत नाही. माझ्या वयाच्या माणसांना नाचायला जागा हवीच. मात्र ‘शहर बदलणारच’ हे उत्तर मला मान्य नाही. बदलात कुणाला जागा मिळाली आणि कुणाला शहराबाहेर पाठवलं, तेही सांगा.

मी रोह्याजवळच्या वरसेचा. कोकणातली माणसं गिरणीत राबायला मुंबईला गेली. त्यांच्या घरांची २०१६ची सोडत निघाली पनवेलजवळच्या कोनसाठी. २०२४च्या शासन निर्णयात ८१ हजार घरं शेलू आणि वांगणीला. कोन आणि शेलू आमच्याच रायगडात! म्हणजे आयुष्यभर मुंबईत राबून पुन्हा खाडीपलीकडे. जुलै २०२५मध्ये आझाद मैदानावर कामगार आणि त्यांचे वारस मुंबईतच घर मागत होते. ती मागणी रास्त आहे. तिला ‘काळ बदलला’ हे उत्तर होऊ शकत नाही. नियम काळाने बदलला नव्हता.