फुकट आहे म्हणून काय झालं?

एक वाक्य माझ्या जाम डोक्यात जातं. "अरे, मिक्सटेप आहे ती, अल्बम थोडाच आहे!" कुठल्याही रॅपरच्या एखाद्या भिकार गाण्याबद्दल जरा तोंड उघडा, त्याचा भक्त हे वाक्य ढालीसारखं पुढे करतो. पाठोपाठ दुसरं येतंच, "फुकट दिलीये ना? मग कुरकुर कसली?" म्हणजे हा देवळातला प्रसाद. उजवा हात पुढे करायचा आणि गुमान खायचं, खारट लागला तरी.

दुसऱ्या टोकाला आपले समीक्षक. "काही गाणी उत्तम, काही सुमार, पाचपैकी तीन तारे." झालं काम. अहो, एक पाय बर्फात आणि एक पाय निखाऱ्यावर ठेवलेल्या माणसाला सरासरी तापमान छान आहे असं सांगून काय उपयोग? कुठलं गाणं उत्तम, कुठलं सुमार, आणि सुमार का झालं, हे कोण सांगणार?

आजची भांडाभांडी या दोघांशी आहे. उदाहरण म्हणून मुद्दाम असा रॅपर घेतो, जो मला मनापासून आवडतो. लिल वेन, आणि त्याची २००७ सालची 'डा ड्राउट ३'.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी (जाणकारांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं). मिक्सटेप म्हणजे मुळात डीजेनं केलेली कॅसेट. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये हिपहॉप जन्माला आलं तेव्हापासून अशा कॅसेटी हातोहात फिरायच्या. पुढे कॅसेटची सीडी झाली, सीडीची एमपीथ्री झाली आणि डीजेच्या खुर्चीत रॅपर येऊन बसला. पद्धत सोपी. बाजारात गाजत असलेल्या गाण्याचं बीट उचलायचं, त्यावर आपले शब्द म्हणायचे आणि परवानगीच्या भानगडीत न पडता वाटून टाकायचं. फिफ्टी सेंटला कोलंबिया कंपनीनं काढून टाकल्यावर २००२ मध्ये तो वर आला तो याच रस्त्यानं. कंपन्यांनाही ही आयती जाहिरात हवीच असायची. पण १६ जानेवारी २००७ ला अटलांटात डीजे ड्रामा आणि डॉन कॅनन यांना पोलिसांनी मिक्सटेपांच्याच प्रकरणात उचललं, आणि रेकॉर्ड कंपन्यांची संघटना त्या छाप्यात पोलिसांच्या सोबत होती. हाच ड्रामा २००६ मध्ये वेनच्या 'डेडिकेशन २' चा डीजे होता. छाप्यानंतर तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, वेननं काय करावं? दोन सीडी, २९ ट्रॅक, सगळी बीट्स जवळपास दुसऱ्यांचीच, आणि किंमत शून्य. ही 'डा ड्राउट ३'.

आता कुणीतरी म्हणणार, "दुसऱ्याच्या बीटवर काय, कुणीही करेल." हा आक्षेप निदान मराठी माणसानं तरी घेऊ नये. संगीत नाटकाचं कुठलंही जुनं छापील पुस्तक काढा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून मूळ गाण्याचं नाव दिलेलं सापडेल. मूळ गाणं लोक विसरले, पद राहिलं. चाल उसनी असण्यात कमीपणा नाही, उसन्या चालीवर नवीन काही न सुचण्यात आहे.

वेनला सुचतं. ह्यूस्टनच्या माइक जोन्सचं 'मिस्टर जोन्स' नावाचं गाणं होतं. त्या बीटवर वेननं 'स्कायज द लिमिट' केलं आणि आज ते बीट वाजलं की मला तरी वेनच आठवतो, जोन्स नाही. लहानपणीच्या सिनेमापासून निघून गडी मरणापर्यंत कधी पोचतो ते कळत नाही. जे-झीच्या 'शो मी व्हॉट यू गॉट' वर तो असा तुटून पडतो की मूळ मालकाला आपलं घर परत मागायची लाज वाटावी. वेन शब्द कागदावर लिहीत नाही, थेट माइकसमोर उभा राहतो, हे जगजाहीर आहे. त्यामुळे त्याच्या ओळींत विचार पूर्ण होण्याआधीच पुढच्या यमकाचा वास लागलेला असतो आणि तो त्या वासामागे धावत सुटतो. श्लेष, अनुप्रास, एकाच शब्दाचे चार उच्चार. सुटला की सुटलाच.

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही बरं का. 'डेडिकेशन २' मध्ये त्यानं फील्ड मॉब आणि लुडाक्रिसचं 'जॉर्जिया' हे आपल्या राज्याचं कौतुक करणारं गाणं उचललं, आणि जॉर्जियाचा 'जॉर्ज' बुशकडे वळवला. २००५ च्या कॅटरिना वादळात त्याचं न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं होतं. अमेरिकेच्या अध्यक्षावर इतकं थेट, इतकं चिडलेलं गाणं, तेही उसन्या चालीवर! कंपनीच्या वकिलांच्या टेबलावरून ते तसंच्या तसं बाहेर पडलं असतं? मला नाही वाटत. मिक्सटेपची खरी ताकद ही. मधे कुणी नाही.

पण मंडळी, मधे कुणी नाही हीच तिची गोची पण आहे. ज्या दारातून 'जॉर्जिया' आलं त्याच दारातून कचराही आला. २९ ट्रॅक, दीड तासाहून जास्त वेळ. माझ्या फोनमध्ये त्यातले ११ उरलेत. बाकीचे १८ का उडवले? इथे मला दोष वेगवेगळे करावेसे वाटतात, कारण सगळे दोष एका जातीचे नसतात.

पहिली जात, झेप फसली. नार्ल्स बार्कलीचं 'क्रेझी' किंवा सियाराचं 'प्रॉमिस' ही गाणी रॅपसाठी बनलेलीच नाहीत. वेन तिथे शिरतो, धडपडतो, जमत नाही. या चुकीबद्दल माझी तक्रार नाही. हा प्रयोग आहे. आमच्या धंद्यात रोज रात्री नाइटली बिल्ड निघतं, त्यात अर्ध्या गोष्टी मोडलेल्या असतात. त्या मोडतात म्हणून तर पुढची आवृत्ती नीट होते. जून २००८ मध्ये आलेल्या 'था कार्टर ३' च्या अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात दहा लाखांवर प्रती खपल्या आणि २००९ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. तिथला सुटलेला, निर्धास्त वेन या फसलेल्या झेपांमधूनच तयार झाला.

दुसरी जात, आळस. तीच उपमा, तेच पिस्तूल, तोच गांजा, त्याच गाड्या, फक्त बीट वेगळं. जुना कोड कॉपी करून व्हेरिएबलचं नाव तेवढं बदलायचं, अशातला प्रकार. हा प्रयोग नव्हे, आणि याला 'रॉ' वगैरे म्हणून गोंजारायची गरज नाही.

तिसरी जात, तुच्छता. बायकांबद्दलच्या ओळी. या विषयावर आला की वेनची सगळी कल्पनाशक्ती कुठे जाते देव जाणे. जगातल्या कुठल्याही वस्तूवर पाच नव्या उपमा सुचणाऱ्या माणसाला बाई म्हटली की एकच शिवी आणि एकच कृती सुचते. भक्त म्हणतात, "हा त्या संगीताचा भागच आहे." असेल. पण मग ज्या कलेची तुम्ही बाजू घेताय तिच्यातलाच हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे, हे तरी मान्य करा. नैतिकता घटकाभर बाजूला ठेवली तरी कारागिरी म्हणूनही ते नापास आहे.

पाचपैकी तीन ताऱ्यांत हे तिन्ही दोष एकाच पिशवीत जातात. म्हणून मला तारे आवडत नाहीत.

फरक बघायचा असेल तर २०११ ची 'सॉरी फॉर द वेट' ऐका. 'कार्टर ४' लांबत चाललं होतं, म्हणून वेननं नावातच माफी मागून ही मिक्सटेप फुकट दिली. २०१० मधले आठेक महिने तुरुंगात काढून आलेला माणूस, सांगायला किती काय असेल! आणि शीर्षकगीत कशावर? अडेलच्या 'रोलिंग इन द डीप' वर. त्या गाण्यात जी धग आहे तिला तो हातसुद्धा लावत नाही, वरून नेहमीचा मसाला भुरभुरतो. २००७ चा वेन बीटशी भांडायचा. २०११ चा वेन बीटवर आरामात पडून राहतो. दोन्ही मिक्सटेपा 'अनइव्हन' आहेत असं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण त्यातून काहीही कळत नाही. एकीत माणूस पडला कारण तो पळत होता, दुसरीत पडला कारण झोप लागली.

आणि आता मुख्य मुद्दा, फुकटाचा. पहिलं म्हणजे ती कधीच फुकट नव्हती. माझा दीड तास गेला. आठवडाभर राबल्यावर शनिवारी सकाळी जे दोन-चार तास माझे स्वतःचे असतात त्यातला दीड तास, त्याची किंमत शून्य कशी? दुसरं, आता तर ती सबबही उरलेली नाही. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डनं अल्बमच्या यादीत स्ट्रीमिंग मोजायला सुरुवात केली. तेव्हाचा हिशोब, गाणी १५०० वेळा वाजली की एक अल्बम खपला. मग काय, जितकी गाणी जास्त तितकं मीटर जोरात. २०१७ मध्ये क्रिस ब्राउननं ४५ गाण्यांचा अल्बम काढला. २०१८ मध्ये मिगोसचा 'कल्चर २' आला २४ गाण्यांचा, ड्रेकचा 'स्कॉर्पियन' २५ चा. वेन २९ ट्रॅक द्यायचा तेव्हा अंगात मस्ती होती म्हणून द्यायचा. हे २५ देतात ते दर गाण्यामागे पैसे पडतात म्हणून. पण आपली वाक्यं मात्र तीच, "अरे, एवढं दिलंय, त्यातलं आवडेल ते घे!" चाळायचं काम आपण करायचं आणि भुसा वजनात धरून पैसे त्यांनी घ्यायचे. व्वा!

हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याला काय त्याचं, असंही म्हणता येईल. पण २०१९ च्या 'गली बॉय' नंतर मुंबई-पुण्याकडच्या रॅपबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं ते बघा. पोरगा वस्तीतून आलाय, स्वतःच्या हिमतीवर करतोय, त्याला नावं कशी ठेवायची? म्हणून सगळंच "कडक भावा". मला हे कौतुक अपमानास्पद वाटतं. ऑफिसात ज्याच्या कोडवर रिव्ह्यूमध्ये एकही कॉमेंट येत नाही तो एक तर देव असतो, नाही तर त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षाच नसते. वीस वर्षांच्या पोराच्या दहा ट्रॅकांपैकी तीन जबरदस्त असतील तर ते तीन कुठले हे सांगा, आणि उरलेले सात का पडले हेही सांगा. झेप फसली असेल तर "पुन्हा मार" म्हणा. आळस असेल तर कान धरा. बायकांना शिव्या घालून टाळ्या मागत असेल तर टाळ्या देऊ नका. तेवढा मान त्याला द्यायलाच हवा.

'डा ड्राउट ३' ला मी थोर म्हणतो ते तिच्यातल्या १८ ट्रॅकांकडे डोळेझाक करून नाही. ते १८ कसकसे पडले हे बघितल्यावरच उरलेले ११ किती उंच आहेत ते कळतं. आवडत्या माणसाचं वाईट काम वाईट म्हणता येत नसेल तर त्याचं चांगलं काम आपण नीट ऐकलेलंच नाही, असं माझं साधं मत आहे. भक्तांना पटणार नाही, ठाऊक आहे. त्यांनी त्यांचे ११ कुठले ते ठरवून यावं, मग भांडू. २९ च्या २९ आवडतात म्हणणाऱ्याशी मात्र मला भांडायचं नाही. त्याला प्रसाद द्या आणि वाटेला लावा.

असो. फार झालं. अंघोळ राहिलीये अजून.