खासगीतली सहानुभूती

11 जानेवारी 1935 रोजी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा 24 वर्षांचा फेलो, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, बोलला. ठरावीक वस्तुमानापलीकडचा तारा इंधन संपल्यावर श्वेतबटू होऊन विसावू शकत नाही, हे त्याचे म्हणणे. त्याच्या मागोमाग उठले ते केंब्रिजचेच नामवंत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन. ते त्याच्या खोलीवर येऊन आकडेमोड पाहत असत, पण तिथे विरोधाचे अवाक्षर काढले नव्हते. भर सभेत मात्र त्यांनी खिल्ली उडवली आणि सभा हसली. एडिंग्टन चुकले, हा गौण भाग. सलते ते बाकीच्यांचे वागणे. बोर, पाउली या भौतिकशास्त्रज्ञांना चंद्रशेखरचे म्हणणे पटत होते, पण खासगीत. डिरॅक, पायर्ल्स आणि प्राइस यांनी एडिंग्टनचा युक्तिवाद छापील लेखात खोडला तो 1942 साली. तोवर चंद्रशेखरला केंब्रिज सोडून शिकागो विद्यापीठात जाऊन पाच वर्षे झाली होती.

हा दोष परक्यांचा म्हणून आपली सुटका नाही. पुण्या-मुंबईच्या कचेरीत आणि इथल्या प्रयोगशाळांत बसणारे आपण मराठी लोक तेच करतो. साहेब बैठकीत एखाद्या नव्या मुलीचे सादरीकरण मध्येच थांबवून विचारतात, ‘‘डिग्री कुठून आणलीस?’’ आपल्या माना लॅपटॉपमध्ये जातात. नंतर चहाच्या मशीनपाशी आपण तिला गाठून म्हणतो, ‘‘मनावर घेऊ नकोस गं, सर तोंडाने फटकळ आहेत, मनाने चांगले आहेत.’’ सासुरवास सोसलेली सून सासू झाल्यावर तोच पुढे चालवते, तसे आपण स्वतः खाल्लेल्या अपमानाला ‘घडण’ म्हणतो आणि खालच्याला वाढतो. शाळेतल्या छडीपासून हेच आपल्याला शिस्त म्हणून दाखवले गेले. म्हणून त्यातले क्रौर्य दिसेनासे झाले आहे.

2024 साली पुण्यात 26 वर्षांची एक सनदी लेखापाल नोकरीच्या चौथ्या-पाचव्या महिन्यातच वारली. कामाच्या ओझ्याने मुलगी खचली, अंत्यविधीला कचेरीतले कोणीही आले नाही, असे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला लिहिले. ते पत्र आपण हळहळून एकमेकांना पाठवले आणि सोमवारच्या बैठकीत पुन्हा माना खाली घातल्या. रॅगिंगलाही आपण एकेकाळी परंपराच म्हणत होतो. 1999 साली महाराष्ट्राने त्याविरुद्ध कायदा केला आणि त्या परंपरेची प्रतिष्ठा गेली. पण तो कायदा शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांपुरताच आहे. कचेरीतल्या बैठकीत ‘‘साहेब, चूक दाखवा, पण तिला असे बोलू नका,’’ हे म्हणायला तिथे बसलेल्या आपल्याशिवाय दुसरे कोणी येणार नाही. आणि ते बैठकीतच म्हणायचे आहे, चहाच्या मशीनपाशी नव्हे.